मुलाचा आवाज

शास्त्रभाग : उत्पत्ती २१:८-२१



घटस्फोटाचा विषय निघाला की आपण मत्तयाचा १९ वा अध्याय उघडतो आणि पतिपत्नींविषयी बोलू लागतो. विवाहबंधन देवाने जोडलेले आहे, हे प्रभूचे शिक्षण अढळ आहे. परंतु ज्या घरात ते बंधन तुटलेच, त्या घरातील लेकरांविषयी आपण काय बोलतो? काही वर्षांपूर्वी नाताळच्या उपासनेआधी नऊ वर्षांच्या एका मुलीने मला विचारले, "काका, मम्मी या बाजूला बसली आहे, पप्पा त्या बाजूला. मी कुठे बसू?" मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि उत्तर न देताच पुढे गेलो. तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर आला.

आपल्या शास्त्रभागात अब्राहाम हागारेला घरातून पाठवून देतो. चौदाव्या वचनातील हे इब्री क्रियापद अनुवाद २४:१ मध्ये सूटपत्र देऊन पत्नीला पाठवून देण्यासाठीही योजिलेले आहे. साराचा मत्सर, अब्राहामाचे दुःख, हागारेची निराशा हे सर्व येथे सांगितले आहे. मुलगा मात्र एक शब्दही बोलत नाही. मूळ पाठात या अध्यायात त्याचे नावसुद्धा येत नाही.

मसकेतील पाणी संपते. मुलाचे मरण पाहवणार नाही म्हणून आई त्याला झुडपाखाली ठेवून दूर जाऊन बसते. ती मायेपोटीच दूर जाते. तरी मूल एकटे पडते. इब्री पाठानुसार सोळाव्या वचनात रडते ती आई. सतराव्या वचनात देव ऐकतो तो मुलाचा आवाज. भाषांतरकारांना हा पेच जुनाच आहे. सेप्तुआजिंत या प्राचीन ग्रीक भाषांतरात तर सोळाव्या वचनातही मूलच रडते. मला इब्री पाठ अधिक अर्थपूर्ण वाटतो. मोठ्यांच्या आक्रोशाखाली दबलेले, कोणाच्याही कानी न पडलेले रुदन देवाने ऐकले. इश्माएल या नावाचा अर्थच 'देव ऐकतो' असा आहे.

मग देव हागारेला मुलाला उठवून हाताशी धरण्यास सांगतो. कोण चुकले याचा निवाडा तो आधी करीत बसत नाही.

विभक्त झालेल्या मातापित्यांनो, हेच तुमचेही पहिले काम आहे. "यात तुझा काही दोष नाही," हे शक्य तर दोघांनी मिळून मुलाला सांगा, आणि पुन्हा पुन्हा सांगा. कारण मूल बहुधा स्वतःलाच दोषी धरते. त्याच्या हाती एकमेकांसाठी निरोप देऊ नका. त्याच्यासमोर दुसऱ्याची निंदा करू नका. ज्याची तुम्ही निंदा करता, त्याचे ते लेकरू आहे. भेटीचा दिवस ठरला असेल तर तो पाळा. जेथे मारहाण किंवा भय आहे, तेथे मात्र मुलाला सुरक्षित ठेवणे हेच प्रेम होय.

१८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसारही ताबा ठरविताना बालकाचे कल्याण पाहिले जाते, आणि समज आलेल्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकते. न्यायालय मुलाला विचारू शकते, तर घराने आणि मंडळीने का विचारू नये? शलमोनापुढे खरी आई ओळखू आली, ती मुलाचे दोन तुकडे होऊ नयेत म्हणून तिने आपला हक्क सोडला तेव्हा (१ राजे ३:२६).

उत्पत्ती २५:९ मध्ये इसहाक व इश्माएल मिळून पित्याला मूठमाती देतात. दुभंगलेल्या घराची लेकरे तेथे एकत्र उभी आहेत.

त्या मुलीला मी आज सांगेन, "बाळ, दोन्ही बाक तुझेच आहेत. हे तुझ्या पित्याचे घर आहे." मात्र माझ्या या शब्दांवर तिचा विश्वास बसावा, असे त्या दोन्ही बाकांवरील आपण सर्वांनी वागले पाहिजे. झुडपाखालचे रुदन ऐकणारा देव आपल्याला तसे कान देवो. आमेन.