बाण फिरवण्याआधी

बंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या रसेल मार्केटपासून कमर्शियल स्ट्रीटला पायी निघालेला नवखा माणूस वाटेत पत्ता विचारतो, तेव्हा जो तो त्याला फक्त पुढचा चौक सांगतो. लिंक्ड लिस्टचा कारभार असाच चालतो. प्रत्येक नोडकडे आपली माहिती आणि पुढच्याचा पत्ता, बस्स. शंभरावा नोड हवा तर आधीचे नव्याण्णव ओलांडा. ॲरेत तो थेट हाती लागतो. पण मधे नवा घुसवायचा तर मागचे सगळे सरकवावे लागतात, लिंक्ड लिस्टमध्ये दोन पत्ते बदलले की काम झालं. 1955-56 च्या सुमारास न्यूएल, शॉ आणि सायमन यांनी तर्कशास्त्रातल्या सिद्धता शोधणाऱ्या प्रोग्रॅमसाठी ही रचना घडवली.

बंगळुरूत नोकरीच्या मुलाखतींना येणारी आपली मुलं ‘लिस्ट उलटी करा’चं उत्तर घोकून येतात. रोजच्या कामात लिंक्ड लिस्ट लिहितो कोण, असं ती कुरकुरतात. त्यात तथ्य आहे. आजच्या प्रोसेसरवर विखुरलेल्या नोडपेक्षा सलग ॲरे बहुधा वेगाने वाचला जातो. तरीही लिनक्सच्या कर्नलमध्ये या लिस्ट जागोजागी आहेत, आणि गिटमधला कमिट आपल्या आधीच्या कमिटचा पत्ता बाळगतो.

पण या प्रश्नाचं मोल उपयोगापेक्षा शिस्तीत आहे. क, ख, ग असे तीन नोड घ्या. क चा बाण, म्हणजे पुढचा पत्ता, आधीच नलकडे, म्हणजे ‘पुढे कुणी नाही’कडे, वळवलाय. आता ग चा पत्ता न जपताच ख चा बाण क कडे फिरवला, तर ग मेमरीत असूनही हरवला. त्याच्याकडे जायला वाटच उरली नाही. म्हणून आधी पुढचा पत्ता राखायचा, मग बाण फिरवायचा, मग पाऊल टाकायचं. ओळी मोजून चार, पण क्रम चुकला की सगळं मुसळ केरात.

लिस्टमध्ये फेरा आहे का, हे शोधायची फ्लॉइडच्या नावाची युक्ती तशीच. एक पॉइंटर एकेक नोड चालतो, दुसरा दोन-दोन. दोघे फेऱ्यात शिरले की अंतर दर खेपेला एकने घटतं, म्हणजे गाठ पडणारच. घोकणाऱ्याला विचारा, ‘दुसरा तीन-तीन चालला तर?’ तो तिथेच अडतो.

तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांनी उत्तरासोबत कारणही विचारावं. आणि तयारी करणाऱ्यांनो, तयार उत्तर उघडण्याआधी कागदावर तीन नोड काढा, बाण हाताने फिरवा. मग रिकामी लिस्ट आणि एकाच नोडची लिस्ट तपासायला विसरू नका.