न केलेल्या कामाचं पाप

मीमांसक आणि वेदान्ती यांच्यात एक जुना वाद आहे: न केलेल्या कर्मातून पाप निपजतं का? वाद वैदिक कर्मांपुरता होता आणि आज तो ग्रंथांत पडून असतो. पण तो खरोखर तपासून बघायचा असेल, तर सिस्टिम अ‍ॅडमिन आणि माळी यांच्या आठवड्याइतकी चांगली जागा सापडणार नाही. दोन्ही कामं एकाच माणसाकडे असतील तर फारच उत्तम. असे लोक असतात. एखाद्या ट्रस्टच्या शाळेत, आश्रमात, तालुक्याच्या गावातल्या लहान रुग्णालयात सर्व्हर सांभाळणाराच मागच्या बागेचं पाणीही बघतो.

सोमवारी सकाळी तो रात्रीच्या बॅकअपचे मेल उघडतो. ‘बॅकअप यशस्वी’ या दोन शब्दांवर त्याचं समाधान होत नाही. मागच्या वर्षीची एखादी हजेरीची फाइल तो बॅकअपमधून काढतो, वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवतो आणि उघडून शेवटच्या ओळीपर्यंत जातो. आकडे आहेत ना, मराठी अक्षरांचे चौकोन झालेले नाहीत ना. मग बागेत. ठिबकच्या लॅटरलचं टोकाचं बूच काढून तो पाणी मोकळं सोडतो. आधी तांबूस, गढूळ पाणी येतं, मग नितळ. बोअरच्या जड पाण्यातला पांढरा क्षार ड्रीपरच्या तोंडाशी बसतो आणि थेंब अडतो. लगेच काही कळत नाही. चार-पाच दिवसांनी, मे महिन्यात, सगळी रांग टवटवीत असताना एकच झाड माना टाकतं.

मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारीही.

मीमांसकांनी कर्मांची जी वाटणी केली, ती या आठवड्याला चपखल बसते. काम्य कर्म म्हणजे फळाच्या इच्छेने केलेलं. पाऊस हवा म्हणून केलेली कारीरी इष्टी हे त्याचं नेहमीचं उदाहरण. नैमित्तिक म्हणजे निमित्त घडलं की करायचं, जसं ग्रहणाचं स्नान. आणि नित्य म्हणजे सकाळ-संध्याकाळचं अग्निहोत्र, संध्यावंदन. काम्य कर्माचा थाट आजही तसाच आहे: नवा सर्व्हर आला, गुलाबाचा ताटवा केला, की फोटो निघतात, नारळ फुटतो. नैमित्तिकही ठरलेलं आहे. मायक्रोसॉफ्टचे सुरक्षेचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते, म्हणून त्या बुधवारची सकाळ त्यांचीच. डिसेंबर 2021 मध्ये लॉग-फोर-जे या छोट्याशा जावा लायब्ररीत मोठं भगदाड सापडलं, तेव्हा जगभरच्या अ‍ॅडमिन मंडळींनी शनिवार-रविवार न बघता ते बुजवलं. त्याचीही दखल घेतली गेली. राहिलं ते नित्य. त्याचं लक्षण विलक्षण आहे: केलं तर वेगळं फळ नाही, नाही केलं तर मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो.

फळ नाही म्हणजे काय, हे 1 जानेवारी 2000 ने जगाला दाखवलं. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं असायचं, त्यामुळे 2000 सालाला यंत्रं 1900 समजतील, अशी भीती होती. लक्षावधी ओळी तपासल्या गेल्या; त्यात भारतीय प्रोग्रॅमरांचा वाटा मोठा होता. तारीख बदलली आणि किरकोळ गोष्टी सोडता काहीच झालं नाही. लगेच लोक म्हणू लागले, उगाच बाऊ केला. जे घडलं नाही त्यासाठी किती जण किती रात्री जागले, हे दाखवायला त्यांच्याकडे पुरावाच नव्हता, कारण पुरावा म्हणजे ते न घडणं. अशा कामामागे प्रेरणा कोणती असावी, यावर मीमांसकांतच दोन तट आहेत. कुमारिल भट्टांचे अनुयायी म्हणतात, नित्यकर्माने साठलेलं पाप झिजतं आणि पुढचा दोष टळतो, म्हणून ते करायचं. प्राभाकर, म्हणजे प्रभाकराचे अनुयायी, म्हणतात, विधी आहे म्हणून करायचं. त्याहून वेगळं कारण शोधायची गरजच नाही. पगारवाढीच्या मुलाखतीत पहिला पक्ष मांडता येतो. पण रोज पहाटे उठून पंप लावणारा माणूस बहुधा दुसऱ्या पक्षाचा असतो.

शंकराचार्यांनी या साऱ्या मांडणीच्या मुळावरच बोट ठेवलं. न करणं म्हणजे अभाव. अभावातून भाव कसा उपजेल? जे नाहीच, ते दोषासारखी असलेली वस्तू कशी निर्माण करील? गीताभाष्यात आणि तैत्तिरीय उपनिषदाच्या भाष्यात त्यांनी हा मुद्दा लावून धरला आहे. नित्यकर्म चुकणं हे पापाचं कारण नसून आधीच साठलेल्या पापाची खूण आहे, असं ते म्हणतात.

हे उत्तर तगडं आहे, त्याला हसून बाजूला सारता येणार नाही. 3 फेब्रुवारी 2020 ला मायक्रोसॉफ्टची टीम्स ही सेवा काही तास बंद पडली, कारण एका सर्टिफिकेटची मुदत संपली होती. कोणी काही तोडलं नव्हतं, कोणी हल्ला केला नव्हता. फक्त एक नूतनीकरण राहून गेलं होतं. पण आचार्यांच्या बाजूने बघितलं तर सेवा बंद पाडली ती सर्टिफिकेटमध्येच लिहिलेल्या तारखेने. ती भावरूप होती, पहिल्या दिवसापासून तिथे होती. झाडही न घातलेल्या पाण्याने मरत नाही. उन्हाने पानांतून ओल उडते, मुळांना ती भरून काढता येत नाही, म्हणून मरतं. न घातलेलं पाणी ऊन, माती, मूळ यांच्या साखळीत कुठेच बसत नाही.

तरीही माळ्याला बोल लागतोच. आणि तो योग्यच लागतो.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनाही हे कोडं सुटलेलं नाही, आणि त्यांच्या चर्चेत उदाहरण येतं तेही माळ्याचंच. माळ्याने पाणी घातलं नाही, झाडं वाळली, दोष माळ्याचा. पण इंग्लंडच्या राणीनेही त्या झाडांना पाणी घातलं नव्हतं. अभाव दोघांचा सारखा, मग दोष एकाचाच का? केवळ कार्यकारणाच्या भाषेत याचं उत्तर देता येत नाही. मीमांसेकडे मात्र ते तयार आहे, त्याचं नाव अधिकार. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे: कोणतं कर्म कोणाचं? राणीचा त्या बागेवर अधिकार नाही, म्हणून तिचं न करणं नुसता अभाव. माळ्याचा आहे, म्हणून त्याचं न करणं प्रत्यवाय. शंकराचार्यांचं कारणाबद्दलचं म्हणणं खरं मानूनही दोषाचा हिशेब इथे उभा राहतो. या लेखाचं मत स्पष्ट आहे: जबाबदारी कारणातून येत नाही, ती आधी स्वीकारलेली असते. सर्व्हरची चावी हातात घेतली त्या दिवशी ती आली.

यापुढची गोष्ट अभाव जाणायचा कसा, ही. कुमारिलांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं: टेबलावर घागर दिसत नाही, म्हणून ती तिथे नाही हे कळतं. पण अट कडक आहे. असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत न दिसलेली घागर काहीच सिद्ध करत नाही. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायचा म्हणून चुकून मुख्य सर्व्हरवरचा पुसायला घेतला. हात आवरेपर्यंत सुमारे 300 जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप बघितले. रोजचा बॅकअप डेटाबेसच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे होतच नव्हता. त्याच्या अपयशाचे मेल निघत होते, पण समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. तक्रारीचा मेल नाही म्हणजे सगळं ठीक, असं तोवर धरलं गेलं होतं. घागर अंधारात होती. कोणीतरी वेगळ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती, तिच्यामुळे निभावलं. कंपनीने हे सारं स्वतःच जाहीर केलं, ही मोठी गोष्ट. सोमवारी ती हजेरीची फाइल उघडून शेवटच्या ओळीपर्यंत जायचं ते याचसाठी.

यंत्राला काम लावून दिलं तर कर्ता कोण, हा प्रश्न ज्यू धर्मगुरूंनी बागेच्याच निमित्ताने सोडवला. शब्बाथ या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी शेतीचं काम निषिद्ध. पण शुक्रवारी सांज होता होता बागेत पाण्याचा पाट सोडला आणि तो दुसऱ्या दिवशी दिवसभर वाफे भरत राहिला तर चालतं, असा निर्णय तालमूदमध्ये आहे. शनिवारी टायमरवर चालणारं ठिबक आणि रात्री दोनला आपोआप सुरू होणारा बॅकअप हे त्याच पाटाचे वंशज. पाट सोडला की माणूस मोकळा. पण पाट फुटला का, हे बघायला त्याला परत यावंच लागतं.

इथे मळ्यात राबणाऱ्या संत सावता माळी यांची आठवण होणं साहजिक आहे. त्यांना अरणच्या मळ्यातच पांडुरंग भेटला. ज्याला अजून कोणी भेटलेलं नाही, त्यानेही गुरुवारी ड्रीपर का साफ करावेत, हा इथला प्रश्न आहे आणि प्राभाकरांचं कोरडं उत्तर त्याला जास्त धीर देतं.

त्याच सहाव्या अध्यायात या माणसाच्या कामाच्या आणखी दोन गोष्टी आहेत. काम्य कर्म सर्व अंगांनी पूर्णच व्हावं लागतं. नित्य मात्र यथाशक्ती केलं तरी चालतं. टँकर आला नाही तर मोठ्या आंब्याला सोडून रोपांना झारीने पाणी घालायचं. वीज गेली, यूपीएस थोडाच वेळ तगणार असेल, तर फोटो राहू द्यायचे, डेटाबेस तेवढा उतरवून घ्यायचा. दुसरी गोष्ट प्रतिनिधीची. यज्ञासाठी व्रीही, म्हणजे साळीचा तांदूळ, मिळाला नाही तर नीवार, म्हणजे रानटी तांदूळ, चालतो, पण यजमानाच्या जागी दुसरा चालत नाही. अपवाद सत्र या यज्ञाचा: तिथे अनेक यजमान असतात, एखादा मरण पावला तर त्याच्या जागी दुसरा आणतात. त्या दुसऱ्याला फळ मिळत नाही, मात्र यजमानाचे सगळे नियम त्याला पाळावे लागतात. रविवारी गावी निघण्यापूर्वी आपला माणूस कोणा सहकाऱ्याला पंपाची किल्ली देतो, कोणता व्हॉल्व्ह किती मिनिटं ते वहीत लिहून देतो, बॅकअपचा मेल कुठे येतो ते दाखवतो, आणि मेल आला तरी एक फाइल उघडून बघ, असं बजावून मगच एसटीला निघतो.