न सुटलेल्या बाणाचा अपराध

अमरकोशात 'अपराद्धपृषत्क' असा एक शब्द आहे. ज्याचा बाण लक्ष्यापासून ढळला, तो धनुर्धर अपराद्धपृषत्क होय. 'अपराध' हा शब्द आज आपल्या कानी बहुधा फौजदारी कोर्टाच्या आवारातच पडतो; परंतु त्याच्या पोटात हा चुकलेला नेम आहे. ग्रीक भाषेतही असेच घडले. शोकनाट्याच्या नायकाच्या हातून घडणाऱ्या प्रमादास ॲरिस्टॉटलने जो 'हमार्तिया' हा शब्द योजला, आणि पुढे ख्रिस्ती धर्मग्रंथांत जो पापाच्या अर्थी रूढ झाला, त्याचाही मूळ अर्थ नेम चुकणे हाच. दोन प्राचीन भाषांनी एकच रूपक पसंत करावे, हा केवळ योगायोग नसावा असे आम्हांस वाटते. नेम चुकावयास काही लक्ष्य असावे लागते, धनुष्य ओढणारा हात असावा लागतो, आणि मुख्य म्हणजे बाण सुटावा लागतो. नियम, कर्ता आणि कृती या तिहींवाचून अपराध नाही. भात्यातच असलेल्या बाणाने लक्ष्य चुकविले, असे म्हणणाऱ्यास आपण वेड्यांत काढू.

तथापि असे म्हणणारे वेडे नव्हते, चांगले विद्वान होते, आणि त्यांनी ते कायद्याच्या भाषेत लिहून ठेवले. १८६० साली हिंदुस्थानात जे पीनल कोड तयार झाले, त्यात कृती आणि हेतू यांचा विचार मोठ्या कसोशीने केलेला होता. सात वर्षांखालील मुलाच्या हातून घडलेले कृत्य गुन्हा नव्हे. आपण काय करीत आहोत हे ज्यास कळत नाही अशा वेड्याचे कृत्यही गुन्हा नव्हे. १ जुलै २०२४ पासून त्या कोडाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी हे अपवाद कायमच आहेत. इतक्या सूक्ष्म बुद्धीने दंडविधान करणाऱ्या सरकारनेच अवघ्या अकरा वर्षांनी, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखादी जमात गुन्हेगार आहे असे सरकारने गॅझेटात जाहीर करावे, की त्या जमातीच्या माणसांची नावे नोंदवहीत चढत. त्यांनी हजेरी द्यावयाची, आणि परवान्यावाचून हद्द सोडावयाची नाही. तो जाहीरनामा योग्य की अयोग्य, हे कोणत्याही न्यायालयास विचारता येणार नाही, असेही कलम त्यात होते! सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो, तद्वत् चोराचा मुलगा चोर व्हावयाचाच, असा त्या काळच्या अंमलदारांचा युक्तिवाद असे. आमच्या जातिव्यवस्थेचे त्यांनी केलेले हे अध्ययन! १९११ साली नव्या कायद्याने हीच पद्धत साऱ्या ब्रिटिश मुलखास लागू होण्याजोगी झाली. बोटांचे ठसे आले, वसाहती आल्या, आणि मुलांना आईबापांपासून अलग ठेवण्याचा अधिकारही सरकारने आपल्या हाती घेतला.

कोल्हापूर हे संस्थान होते. परंतु हजेरीची चाल येथेही होती. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या लोकांस गावकामगारापुढे रोज हजर राहावे लागे. याचा अर्थ काय होतो, हे शहरात राहणाऱ्यांच्या सहसा ध्यानी येत नाही. ज्यास रोज चावडीवर तोंड दाखवावयाचे, त्यास चार कोसांवरच्या गावी सुगीच्या कामास जाता येत नाही, सोयऱ्याच्या घरी लग्नास राहता येत नाही, बाजारात माल उरला तर तो विकून सावकाश परतता येत नाही. जावयाचेच म्हटले तर कोणाची तरी मर्जी संपादावी लागते, आणि मर्जीस मोल असते. अशा रीतीने प्रामाणिक पोटाचे एकेक दार बंद करून घ्यावयाचे, आणि मग तो मनुष्य रात्री अंधारातून कोठे जातो म्हणून पहारा ठेवावयाचा, असा हा उद्योग होता. १९१८ साली शाहू छत्रपतींनी आपल्या राज्यात ही हजेरी बंद केली. ते एवढ्यावरच थांबले नाहीत. फासेपारधी म्हणजे चोर असे ज्या काळी समीकरणच होते, त्या काळी महाराजांनी त्यांस आपल्या चाकरीत घेतले व पहाऱ्यासारखी विश्वासाची कामे सांगितली. ज्याच्यावर पहारा ठेवावयाचा तोच पहारेकरी झाला, याचे त्या वेळी अनेकांस हसू आले असेल. परंतु यात भाबडेपणा नव्हता. ब्रिटिश मुलखात १८७१ चा कायदा एकाऐंशी वर्षे चालला. त्यापूर्वी चौतीस वर्षे एका संस्थानिकाने तोच प्रश्न कोणतेही कमिशन न नेमता निकालात काढला, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते.

कोणी म्हणेल, की या लोकांत चोऱ्या करणारे होतेच की! होते, आणि ज्याने चोरी केली त्यास शिक्षा व्हावी, याविषयी वाद नाही. परंतु इतिहासही थोडा पाहावा. रामोशी हा आमच्या जुन्या गावगाड्यातला रखवालदार. गावात चोरी झाली तर माग काढणे त्याच्याकडे असे, आणि माग न लागला तर नुकसान भरून देण्याची जबाबदारीही पुष्कळदा त्याच्यावरच येई. उमाजी नाईकाचे घराणे पुरंदर किल्ल्याच्या राखणीचे होते. ती राखण गेली, आणि १८३२ साली पुण्यास उमाजी फासावर गेला. कोल्हापूर प्रांतात १८४४ साली गडकऱ्यांनी जो उठाव केला, त्याच्याही मुळाशी हक्क व चाकरी बुडाल्याची आच होती. किल्ल्याची किल्ली ज्याच्या कमरेस असावयाची, त्याच्याच नातवाचे नाव हजेरीच्या पुस्तकात चढले, ते काही त्याच्या रक्तात पालट झाला म्हणून नव्हे.

आता धर्मशास्त्राकडे वळू. कारण जन्माने अपराधी ठरविण्याची ही कल्पना इंग्रजांनी आमच्याच शास्त्रांतून उचलली, असे मानण्याकडे सुशिक्षितांचा कल दिसतो. हे अर्धेच खरे आहे. याज्ञवल्क्य स्मृतीचे ऋणादान प्रकरण उघडून पाहावे. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे, हा तेथील दंडक आहे, आणि आमच्या समाजाने तो किती निष्ठेने पाळला हे सांगावयास नको. परंतु त्यालाच अपवाद जोडले आहेत. दारू, जुगार किंवा कामवासना यांपायी बापाने केलेले कर्ज मुलाने फेडण्याचे कारण नाही. आणि बापाने भरावयाच्या राहिलेल्या दंडाची बाकीही मुलाने देण्याचे कारण नाही. सावकाराचे कर्ज पिढी ओलांडते, राजाने केलेला दंड ओलांडीत नाही. हा भेद ज्याने केला, त्यास ऋण आणि अपराध यांतील अंतर पक्के ठाऊक होते. याज्ञवल्क्यावर 'मिताक्षरा' लिहिणारा विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यातला, म्हणजे आपल्या दक्षिणेतलाच. तिच्या आधारे बापाचे कोणते कर्ज मुलावर येते आणि कोणते येत नाही, याचा काथ्याकूट इंग्रजी अमदानीतील हायकोर्टांनी वर्षानुवर्षे केला. म्हणजे एकाच राज्यात दिवाणी कोर्ट सांगे की बापाचा दंड मुलावर येत नाही, आणि पोलिसांची नोंदवही सांगे की बापाचा गुन्हाच मुलावर येतो.

पराशर स्मृतीतील एक विचार तर याहून मनोवेधक आहे. पतिताचा त्याग कसा करावा, हे सांगताना पराशराने युगांची एक उतरंड लावली आहे. कृतयुगात पातक घडले तर तो देशच सोडावा. त्रेतात तेवढा गाव सोडावा. द्वापरात ते एक कुळ टाकावे. आणि कलियुगात केवळ कर्त्याचाच त्याग करावा. त्याच ओघात तो असेही सांगतो, की पूर्वी पतिताशी नुसत्या बोलण्याने, पुढे त्याच्या स्पर्शाने, त्यापुढे त्याच्या अन्नाने मनुष्य पतित होई. कलीत मात्र तो स्वतःच्या कर्मानेच पतित होतो. कलियुग म्हणजे अधःपात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण या एका बाबतीत कलियुग हे साऱ्या युगांत शहाणे ठरते. दोषाचे वर्तुळ देशावरून गावावर, गावावरून कुळावर आणि कुळावरून एकट्या माणसावर आणून ठेवावयास आमच्या शास्त्रकारांस तीन युगे लागली. यहुदी लोकांच्या धर्मग्रंथातही असाच प्रवास दिसतो. बापाच्या पापाची झळ पुढच्या पिढ्यांस लागते असे जुने वचन तेथे आहे, आणि यहेज्केल या संदेष्ट्याने पुढे त्याला साफ नकार दिला आहे. १८७१ च्या कायद्याने काळाचा काटा पुन्हा द्वापरात नेला, असे पराशराच्या भाषेत म्हणावे लागेल.

परंतु येथे शास्त्राची तरफदारी करून भागणार नाही. हा उदार विचार वर्णाच्या उंबरठ्याशीच अडला. उंबरठ्यापलीकडे ज्यांस ठेवले, त्यांच्या बाबतीत स्पर्शाचा दोष कलियुगातही संपला नाही. आणि त्यांनी काय केले असे विचारता पूर्वजन्मीच्या कर्माकडे बोट दाखविले गेले. कर्मसिद्धान्त खरा की खोटा, हा वाद आम्ही येथे काढीत नाही. त्याची मांडणी मात्र पाहावी. ज्याचे कर्म त्यालाच फळ, ही त्याची प्रतिज्ञा. बापाचे पाप मुलावर लादण्यास त्यात मुळीच जागा नाही. स्वतःवर आलेले दुःख सोसताना या विचाराने कित्येकांस धीर दिला आहे. पण तोच विचार शेजाऱ्याच्या दैन्याचा खुलासा म्हणून वापरला, की जन्म हाच पुरावा आणि जन्म हीच शिक्षा होऊन बसते. साक्षीदार नाही, फिर्याद नाही, आरोपीला आपण काय केले याची आठवणही नाही.

असल्या अपराधाची खरी भीषणता त्यास शेवट नसण्यात आहे. तीन वर्षांची सजा झालेला कैदी तीन वर्षांनी बाहेर येतो. प्रायश्चित्त घेणाऱ्याने कृच्छ्र असो, चांद्रायण असो, ते पुरे केले की जातगोत त्यास पंक्तीला बसविते. याज्ञवल्क्याने आचार आणि व्यवहार यांच्या जोडीला प्रायश्चित्ताचा स्वतंत्र अध्याय लिहिला, तो परतीची वाट ठेवण्यासाठीच, असे आम्हांस वाटते. परंतु ज्याने काही केलेच नाही, तो प्रायश्चित्त घेणार कशाचे? त्याची सुटका कोणत्या तारखेस व्हावयाची? 'उपरा' आणि 'उचल्या' ही १९८० नंतरच्या दशकात गाजलेली आत्मकथने वाचताना, कायदा गेल्यानंतरही त्या तारखेची वाट पाहणारी माणसे आपणांस पदोपदी भेटतात.

येथील अंबाबाईच्या देवळात देव्यपराधक्षमापन स्तोत्र म्हणणारा भाविक दृष्टीस पडतो. आपण अपराधी आहोत हे कबूल करण्यास अशा वेळी आपणांपैकी कोणालाच संकोच वाटत नाही. अपराध असंख्य आहेत म्हटले, की त्यांतला एकही नेमका सांगावा लागत नाही. आणि घरी आल्यावर कोणी त्यांतला एखादा नेमका दाखवून दिला, तर मात्र आपला चेहरा पालटतो. उलट घरातली एखादी अंगठी सापडेनाशी झाली, की पहिली नजर जाते ती मोलकरणीकडे. अंगठी गादीखाली सापडते, सारी मंडळी हसतात, आणि त्या नजरेचे पुढे काय झाले हे कोणी विचारीत नाही. ती बाई दुसऱ्या दिवशी मुकाट्याने कामावर येते, कारण तिला यावेच लागते. कायद्याच्या मागे उभी असलेली नोंदवही ही अशी घरोघर असते. तिला गॅझेट लागत नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला, आणि त्या जमातींस 'विमुक्त' हे नाव मिळाले. १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयी जो कायदा केला, त्यात निदान तत्त्वतः तरी शिक्का बसावयास जात पुरेशी नव्हती, त्या माणसास पूर्वी शिक्षा झालेली असावी लागे. परंतु जुने शब्द तुरुंगांच्या नियमपुस्तकांत लपून राहिले. झाडूकाम कोणत्या जातीच्या कैद्याने करावयाचे, स्वयंपाक कोणी करावयाचा, आणि कोणत्या जमातीच्या कैद्यास सराईत समजावयाचे, हे निरनिराळ्या राज्यांच्या नियमांत छापलेले होते. एका महिला पत्रकाराच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी हे नियम घटनाबाह्य ठरविले, आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याची आज्ञा केली.