नामदेवांचं तूप आणि टूथब्रश

कुत्र्याने पोळी पळवली आणि संत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा वारकऱ्यांच्या घरात पोराटोरांनाही ठाऊक असते. कोरडी कशी खाईल बिचारा, एवढीच त्यांची काळजी. आज कुणी त्याच भूतदयेने टूथब्रश घेऊन कुत्र्यामागे धावतं, तेव्हा गोष्ट अवघड होते. तूप कुत्र्याला आवडतं. ब्रश त्याला कुठे हवा असतो?

पण कुत्र्याचा ओठ हळूच उचलला की मागच्या दाढेवर, हिरडीलगत पिवळट-तपकिरी कवच दिसतं. दातांवरचा चिकट थर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांतच कडक होतो. मग तो ब्रशने निघत नाही. भूल देऊन डॉक्टरांनाच काढावा लागतो. म्हणून रोज घासायचं. माणसांची पेस्ट मात्र नको, आणि काही पेस्टमध्ये असणारं झायलिटॉल हे गोड द्रव्य तर कुत्र्याला विषच.

संमती विचारता येत नाही, पण नकार कळतो: मान वळते, कान मागे जातात. तोंड दाबून घासणं ही दया की मालकी?

सवय लावणारा आधी नुसतं बोट फिरवतो, मग कुत्र्यांची पेस्ट चाटवतो, ब्रश कितीतरी दिवसांनी. बेचाळीसही दात एका बैठकीत घासायचा हट्ट नसतो. बाहेरची बाजू झाली, मान वळली, की ब्रश खाली.