जहाजे किती आणि माणसे किती?

वाचकहो, "एक ना धड, भाराभर चिंध्या" ही म्हण आपल्या आज्या घरातल्या पसाऱ्याला लावीत. आज ती मी एका बलाढ्य आरमाराला लावण्याचे धाडस करीत आहे. प्रश्न असा आहे: हाताशी माणसे थोडी असताना मोठे काम अंगावर घेणे, हे शौर्य की अन्याय?

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. 1987 साली तिच्या लढाऊ ताफ्यात 590 हून अधिक जहाजे होती. 1998 साली सुमारे 330 उरली, 2017 पर्यंत सुमारे 275. परंतु दूरच्या समुद्रात तैनात ठेवायच्या जहाजांचा आकडा मात्र शंभराच्या आसपास तोच राहिला. ओझे तेवढेच, खांदे कमी. त्यातच खर्च वाचावा म्हणून जहाजावरील माणसेही कमी करण्यात आली. यंत्रे सुधारली, आता इतके खलाशी कशाला, असा हिशेब मांडला गेला. पण गंज खरवडणे, रंग देणे, रात्रीचा पहारा ही कामे काही यंत्रांनी उचलली नाहीत. ती उरलेल्यांच्या वाट्याला आली. आठवड्याला शंभर तासांहून अधिक काम पडते, असे सरकारी तपासणीतच दिसून आले.

2017 साली याची किंमत चुकवावी लागली. जूनमध्ये जपानजवळ 'फिट्झजेराल्ड' ही विनाशिका एका मालवाहू जहाजाला धडकली. 7 नौसैनिक गेले. 21 ऑगस्टला सिंगापूरजवळ 'जॉन मॅकेन' एका तेलवाहू जहाजावर आदळली, 10 गेले. मॅकेनवर त्या पहाटे जे सुकाणूजवळ होते, त्यांतले काही दुसऱ्या जहाजावरून तात्पुरते आणलेले होते. पडद्यावर बोट टेकवून चालवायची ती नवी यंत्रणा त्यांना नीट शिकवलेली नव्हती. आदल्या चोवीस तासांत तिथल्या लोकांना सरासरी पाच तासांचीही झोप मिळाली नव्हती. सुकाणू निकामी झाले, असे त्यांना वाटले. खरे तर त्याचा ताबा शेजारच्या टेबलावर गेला होता, आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

दोष कोणाचा? कप्तानांवर कारवाई झाली, सातव्या आरमाराच्या प्रमुखांना दूर करण्यात आले. पण नौदलाच्याच चौकशीने आणखी एका गोष्टीवर बोट ठेवले: कोणतेही काम सांगा, "होय, करतो" म्हणण्याची सवय.

ही सवय मला चांगली ठाऊक आहे. मुंबईत मी शिक्षिका होते तेव्हाची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस, दोन बाई रजेवर. मुख्याध्यापकांनी विचारले, "बाई, दोन्ही वर्ग सांभाळाल ना?" मी म्हणाले, "हो सर." मनात थोडा अभिमानही होता. मी एका वर्गात फळ्यावर लिहीत असताना दुसऱ्या वर्गातला एक मुलगा ओल्या जिन्यावरून पडला आणि त्याचा हात मोडला. मला कोणी बोलले नाही. उलट, बाईंनी एकटीने किती केले, असेच सगळे म्हणाले. पण हात माझा मोडला नव्हता. होकार मी दिला आणि किंमत त्या पोराने मोजली. चाळीस वर्षे होत आली, तो जिना अजून डोळ्यांपुढे येतो.

कोणी म्हणेल, बाई, शत्रू दारात आला म्हणजे माणसे मोजत बसायचे काय? लहान राष्ट्राने तर कधीच लढू नये! आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर आपण राहतो त्या देशातच आहे. 1967 च्या ऑक्टोबरमध्ये 'एलात' ही जुनी विनाशिका क्षेपणास्त्रांनी बुडाली. 47 जण गेले. इस्रायलच्या नौदलाने त्याआधीच मोठ्या जहाजांचा हव्यास सोडून लहान क्षेपणास्त्र-नौकांची वाट धरली होती. चाळीसेक माणसांची नौका, आणि ती तेवढ्यांसाठीच आखलेली. ऑक्टोबर 1973 मध्ये लताकियाजवळ अशा पाच नौकांनी सीरियाची पाच जहाजे बुडवली आणि स्वतःची एकही गमावली नाही. म्हणजे माणसे थोडी असणे हा दोष नव्हे. थोडी असून पुष्कळ असल्याचे भासवणे, हा दोष.

अमेरिकेने 355 जहाजांचे उद्दिष्ट कायद्यात लिहिले. पण जहाज पैशाने बांधता येते, खलाशी तसा बांधता येत नाही. 2023 साली भरतीचे लक्ष्य सात हजारांहून अधिक माणसांनी हुकले. त्याआधीच वयाची मर्यादा 41 पर्यंत वाढवली होती. पुढे शालान्त प्रमाणपत्राची अटही सैल केली. 2024 साली लक्ष्य गाठले, ही चांगली गोष्ट. तरी नवा आलेला तरुण तयार खलाशी व्हायला वर्षे लागतात, आणि तोवर त्याच्या जागी कोणीतरी जागे राहायचे असते.

म्हणून माझे मत असे की, हा केवळ कारभाराचा प्रश्न नाही, नीतीचा आहे. स्वतःच्या झोपेतून कोणी काम काढील तर तो त्याचा त्याग. दुसऱ्याच्या झोपेतून काढील तर ती उसनवारी, आणि तीही न विचारता केलेली. वरच्या माणसाने "होय" म्हणण्यापूर्वी खालची डोकी मोजावीत. ती पुरत नसतील तर "नाही" म्हणावे, आणि त्या नकाराची नामुष्की स्वतः सोसावी. मला त्या दिवशी एवढे जमले नाही.