आधी मीटर, मग पाना

अरे, बॅटरी बदलायला अक्कल लागत नाही. पैसे लागतात, आणि तेही तुझे नव्हते. भाजीची पिकअप चालवणाऱ्या त्या माणसाच्या गळ्यात तू नवी बॅटरी मारलीस, गाडी पुन्हा बंद पडली, तर आता अल्टरनेटर उतरवायला निघालास? आणि मीटर कुठे होता? पेटीत. त्याच्या वायरींची गुंडाळीसुद्धा सुटलेली नाही.

बॅटरीच गेली हे कशावरून ठरवलंस? “सेल्फ जड फिरत होता, सर.” त्यावरून फार तर बॅटरी उतरली असावी एवढं कळतं. का उतरली, ते शोधायला तुला इथे घेतलंय. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली, 12 च्या खाली तर जवळजवळ रिकामी. इंजिन चालू केल्यावर तोच आकडा साधारण 13.8 ते 14.5 वर चढायला हवा. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटरवर संशय घ्यायचा. हे सगळं तुझ्या वहीत आहे, सुवाच्य अक्षरात आहे. वही काय गाडी दुरुस्त करणार आहे?

आता मी तुझ्यादेखत काय केलं ते आठव. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. बॅटरीवर 12.3. एवढं बघून तू अल्टरनेटरला फासावर चढवलं असतंस. मी प्रोब अल्टरनेटरच्या बी टर्मिनलवर नेला, तर तिथे 14.4! तो बिचारा इमानाने काम करत होता. मग 2 व्होल्ट गेले कुठे? एक प्रोब बी टर्मिनलवर, दुसरा बॅटरीच्या प्लसवर ठेवला आणि जवळजवळ सगळा घोटाळा तिथेच सापडला. धड वायरीत हा फरक 0.2-0.3 च्या पुढे जाऊ नये. त्या वायरीचं थिंबल हिरवं पडलेलं, वरचं रबर करपलेलं. आंधळ्यालासुद्धा वासावरून कळलं असतं. आणि तू तर त्याच नटाला पाना लावून उभा होतास, बॅटरीचा निगेटिव्ह न काढता! पाना बॉडीला टेकला असता तर हात भाजला असता, वर वायरिंगही पेटलं असतं.

चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल उपटून “बघा, चार्जिंग होतंय” म्हणायचा खेळ कुणाकडून शिकलास? जुन्या गाड्यांवर तो खपून जायचा. आता बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतो आणि ईसीयू जळू शकतो. तो काय तुझ्या विद्यावेतनातून भरून देणार?

थिंबल नवं बसव, पुन्हा मोजून फरक मला दाखव. त्याची जुनी बॅटरी चार्जरवर लाव, भरली की लोड टेस्टरवर तपास. चांगली निघाली तर दुकानदाराशी बोलून त्या माणसाचे पैसे परत मिळवायचे, आणि दोष कशात होता हे त्याला तूच सांगायचं. उद्यापासून वहीत रीडिंग लिहिल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही.