शिरेबाहेर गेलेल्या औषधाची नोंद

अणुवैद्यकात, म्हणजेच न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, किरणोत्सारी द्रव्य जोडलेले औषध बहुधा हाताच्या शिरेतून दिले जाते आणि ते रक्तावाटे ठरावीक अवयवात पोचल्यावर त्यातून निघणाऱ्या किरणांच्या आधारे प्रतिमा घेतली जाते किंवा उपचार साधला जातो. सुईचे टोक शिरेतून निसटले किंवा शीर फुटली, तर औषधाचा काही भाग भोवतालच्या ऊतींत झिरपतो. वैद्यकीय परिभाषेत याला एक्स्ट्राव्हॅसेशन म्हणतात. रुग्णालयातील बोलण्यात ‘इंजेक्शन बाहेर गेले’ एवढेच म्हटले जाते. सलाइन बाहेर गेले तर हात सुजतो आणि ते लगेच कळते. किरणोत्सारी औषध मात्र अनेकदा जेमतेम काही मिलिलिटर असल्याने सूज येईलच असे नाही, परंतु ते जेथे साचते तेथील ऊतींना त्याची किरणमात्रा मिळत राहते.

अशा घटनेची माहिती नियामकाला कळवावी काय, या प्रश्नाचा अमेरिकेतील प्रवास उद्‌बोधक आहे. 1974 ते 1976 या काळात ओहायो राज्यातील एका रुग्णालयात कोबाल्ट-60 च्या उपचारयंत्राचे गणित चुकून चारशेहून अधिक कर्करुग्णांना वाजवीपेक्षा जास्त किरणमात्रा मिळाली आणि वैद्यकीय चुका कळवण्याच्या सक्तीच्या मागणीला त्यातून जोर आला. त्या देशाच्या अणुनियामक आयोगाने 1980 मध्ये तसा नियम केला. चुकीचा रुग्ण, चुकीचे औषध, चुकीचा मार्ग किंवा ठरलेल्या प्रमाणापासून मोठी तफावत, या बाबी त्यात आल्या. शिरेबाहेर झिरपणे मात्र वगळले गेले, कारण एरवी नीट दिलेल्या इंजेक्शनातही ते वारंवार घडते आणि टाळणे जवळजवळ अशक्य आहे, असे आयोगाचे मत पडले. त्या काळी निदानासाठी मुख्यतः टेक्निशियम-99एम वापरले जात असे. त्याचे अर्धायुष्य सहा तासांचे आणि त्याच्या गॅमा किरणांपैकी बरेचसे ऊतीत न थांबता बाहेर पडणारे, त्यामुळे त्या मतात फारसे खटकण्यासारखे नव्हते.

तथापि, तत्कालीन तंत्राविषयीचा एक अंदाज पुढे कायमची सवलत होऊन बसला, आणि खरा घोळ येथेच आहे. जे कळवायचे नाही ते मोजले जात नाही, जे मोजले जात नाही त्याचे आकडे नसतात, आणि आकडे नाहीत म्हणून घटना किरकोळ ठरते. पेट स्कॅनच्या रूढ पद्धतीनेही या अदृश्यतेला हातभार लावला. इंजेक्शनानंतर सुमारे तासाभराने, रुग्णाचे हात डोक्यावर घेऊन कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंतची प्रतिमा घेतली जाते, आणि कोपराजवळची टोचलेली जागा अनेकदा चौकटीबाहेर राहते. औषध हातातच अडकले असेल तर कर्काच्या गाठीतील औषधशोषणाचे मोजमाप खऱ्याहून कमी येते व उपचाराला प्रतिसाद मिळत असल्याचा भास होऊ शकतो. पण डॉक्टरांच्या वैद्यकीय निर्णयात ढवळाढवळ न करण्याचे धोरण आयोगाने 1979 मध्येच जाहीर केले असल्याने, निदानाच्या गुणवत्तेचा हा मुद्दा त्याच्या कक्षेच्या काठावरच राहिला.

2002 च्या सुधारित नियमांनुसार ठरल्यापेक्षा वेगळ्या रीतीने औषध दिल्याने एखाद्या अवयवाला किंवा ऊतीला अपेक्षेहून 0.5 सीव्हर्ट जास्त मात्रा मिळाली, तर ती ‘वैद्यकीय घटना’ म्हणून कळवावी लागते. सीव्हर्ट हे किरणांच्या जैविक परिणामाचे एकक होय. या मर्यादेमागचा विचार सूक्ष्म आहे. ती ओलांडली म्हणजे रुग्णाला इजा झालीच असे आयोग मानत नाही. कामाच्या पद्धतीत कोठेतरी दोष असावा, याची ती खूण समजली जाते. 2020 मध्ये ल्युसर्नो डायनॅमिक्स या कंपनीने आयोगाकडे केलेल्या अर्जाची मागणी साधी होती: हीच मर्यादा शिरेबाहेर गेलेल्या औषधालाही लावावी. ही कंपनी असे झिरपणे टिपणारी उपकरणे बनवते, हे विरोधकांनी अधोरेखित केले आणि ते योग्यही होते. मात्र अर्जदाराचा फायदा दिसला म्हणून त्याचा युक्तिवाद आपोआप खोटा ठरत नाही. विरोधकांचा अधिक वजनदार आक्षेप गणिताचा होता. किती ऊतीत किती औषध किती वेळ राहिले हे नेमके ठाऊक नसल्यास मात्रेचा आकडा गृहीतकांवरच उभा राहतो, आणि लसिकावाहिन्या ते औषध हळूहळू वाहून नेत असल्याने तो सतत बदलत असतो.

डिसेंबर 2022 मध्ये आयोगाने नियम बदलण्याचे काम हाती घेण्यास संमती दिली, परंतु मात्रेची मर्यादा न स्वीकारता वेगळा निकष पुढे केला: किरणांमुळे इजा झाल्याच्या संशयावरून वैद्यकीय उपचार घ्यावे लागले, तरच घटना कळवावी. गणिताची अडचण त्यामुळे टळते खरी, पण इतरत्र दोषाची खूण मानली जाणारी नोंद येथे इजेची वाट पाहते, आणि ही विसंगती लपत नाही. किरणांनी त्वचेला झालेली इजा काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी वर येते. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो, आणि हातावरचा लाल चट्टा पाहणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञाला त्या इंजेक्शनाची कल्पना असण्याचे कारण नसते. ल्युटेशियम-177 सारखी उपचारी औषधे एका वेळी 7.4 गिगाबेकरेल (बेकरेल हे किरणोत्साराचे एकक) इतक्या प्रमाणात दिली जाऊ लागल्यावर, म्हणजे पेट स्कॅनच्या नेहमीच्या मात्रेच्या सुमारे वीसपट आणि साडेसहा दिवसांहून अधिक अर्धायुष्य असताना, इंजेक्शनाच्या जागेची तपासणी त्याच दिवशी, रुग्ण खाटेवर असतानाच का करू नये, याचे उत्तर इजेवर बेतलेल्या निकषात सापडत नाही.